न दुखणारा सिकलसेल

गेल्या हिवाळ्यात उत्तर नागपुरातील एका विहारात आम्ही सिकलसेलग्रस्त कुटुंबांची एक बैठक घेतली. शिबिर म्हणावे इतके मोठे काही नव्हते. सतरंज्या, चहा, दोन डॉक्टर आणि तीसेक माणसे. त्यात एक ताई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या होत्या. मुलगी बावीस वर्षांची, मुलगा एकोणीसचा. दोघेही एसएस, म्हणजे दोघांनाही प्रत्यक्ष आजार. मुलीची फाईल वीतभर जाड होती. गेल्या वर्षी ती पाच वेळा दाखल झालेली, तीनदा रक्त चढवलेले. मुलाची फाईल म्हणजे खिशात चुरगळलेले एक कार्ड.

"हिचंच पाहा जी मॅडम," ताई म्हणाल्या. "ह्याले काही होत नाही. डोळे तेवढे पिवळे राहतात, ते तं लहानपणापासूनच हायेत."

डॉक्टर मॅडमनी मुलीला तपासले, औषध वाढवून दिले. मग मुलाला समोर बसवले. कॉलेजात वर्ग कुठल्या मजल्यावर आहे, असे विचारले. तिसऱ्या. चढताना थांबतोस का? तो आईकडे पाहून म्हणाला, "दोनदा." मोजा खाली करायला सांगितला, तर घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम. चार महिन्यांपासून होती. घरी सगळ्यांना वाटत होते की चप्पल लागली.

मॅडम ताईंना म्हणाल्या, "मुलीचा त्रास दिसतो, म्हणून तुम्ही धावता. मला आज काळजी ह्याची जास्त वाटते."

त्या वाक्याने आम्हीही चमकलो. इतकी वर्षे या पानावर आम्ही सिकलसेलविषयी लिहीत आलो ते मुख्यतः वेदनेविषयी आणि लग्नाआधीच्या तपासणीविषयी. ज्याला दुखत नाही तो बरा, असे आम्हीही नकळत धरून चाललो होतो. तसे का नाही, हे समजून घ्यायला आम्ही पुढचे काही महिने डॉक्टरांना छळले आणि जे वाचता आले ते वाचले. त्यातून हा लेख झाला. यात एका वायूची गोष्ट आहे. वायूचे नाव नायट्रिक ऑक्साइड.

आपल्याला ठाऊक असलेली अर्धी गोष्ट

सिकलसेल म्हणजे काय हे विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत फारसे सांगावे लागत नाही. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५७ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. एका मण्याचा फरक, पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि माणूस वेदनेने तळमळतो. नागपूरच्या परिसरातील या आजाराची नोंद १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला आता पासष्टहून अधिक वर्षे झाली.

एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी, कारण अजूनही कुजबुज ऐकू येते. हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजांत जास्त दिसतो, त्यामागे कुठलेही पाप नाही की 'रक्तातला कमीपणा' नाही. ज्याच्यात एकच दोषी जनुक असतो, म्हणजे जो वाहक, एएस, त्याचे मेंदूपर्यंत जाणाऱ्या जीवघेण्या मलेरियापासून बऱ्याच प्रमाणात रक्षण होते. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या प्रदेशात जगले, त्यांच्यात हा जनुक टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी आणि आपल्याकडेही तेच घडले. आणि वाहक हा रुग्ण नसतो.

अडकलेल्या पेशींची ही गोष्ट खरी आहे. पण या पेशी नुसत्या अडकत नाहीत. त्या फुटतातही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांत संपते. चार महिन्यांचे काम करायला आलेला गडी दोन-तीन आठवड्यांतच कोलमडतो, आणि अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी तयार कराव्या लागतात. यातल्या बऱ्याच पेशी प्लीहा आणि यकृतात मोडल्या जातात, पण काही वाहत्या रक्तातच फुटतात. डोळ्यांचा पिवळेपणा येतो तो या मोडतोडीतून. हिमोग्लोबिनचे तुकडे होऊन बिलिरुबिन बनते, ते डोळ्यांत उतरते, आणि पुढे पित्ताशयात खडे करते.

याच पिवळेपणावर किती घरांत काविळीची माळ घातली जाते, झाडपाला पाजला जातो, पथ्य म्हणून मुलाला महिनाभर तेल-डाळीवाचून ठेवले जाते! सिकलसेलच्या मुलाचे डोळे पिवळे असले तर बहुतेक वेळा तो रक्तपेशी फुटत असल्याचा पुरावा असतो. माळ लांब होते आणि पेशी फुटतच राहतात. एकाएकी पिवळेपणा वाढला, ताप आला, पोट दुखू लागले तर मात्र पित्ताचे खडे किंवा खरी कावीळही असू शकते. तेव्हा दवाखानाच.

हसवणारा वायू नव्हे

नायट्रिक ऑक्साइड म्हटले की काहींना भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू आठवतो. तो नायट्रस ऑक्साइड, वेगळा. काहींना गाडीचा धूर आठवतो आणि ते चूक नाही, कारण इंजिनाच्या धुरात नायट्रिक ऑक्साइड असतोच. म्हणूनच आपले शरीर हा वायू मुद्दाम तयार करते, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञांनाही नवल वाटले.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते. हे अस्तर आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. वायू काही सेकंदच टिकतो. पण तेवढ्यात तो शेजारच्या स्नायूत शिरतो आणि स्नायू सैल पडतो. रक्तवाहिनी रुंदावते, रक्त मोकळे वाहते. शिवाय तो रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू देत नाही आणि अस्तर गुळगुळीत ठेवतो. हे काम दिवसरात्र चालते. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जाता जाता सांगावेसे वाटते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची जी गोळी असते, त्या जातीच्या औषधांतून हाच वायू बाहेर पडतो. तिच्यातले मूळ रसायन नायट्रोग्लिसरीन, म्हणजे आल्फ्रेड नोबेल यांनी ज्यापासून डायनामाइट बनवले तेच. आयुष्याच्या शेवटी हृदयाच्या दुखण्यावर नोबेल यांनाही डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सांगितले होते. ते कसे काम करते हे कळायला आणखी ऐंशीएक वर्षे जावी लागली.

आता पुन्हा फुटलेल्या पेशीकडे. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीच्या डबीत बंद असावे, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. प्राणवायू धरण्याची त्याची जी ताकद, तीच नायट्रिक ऑक्साइडलाही धरते. डबी बंद असते तोवर त्याची गाठ या वायूशी फारशी पडत नाही. डबी फुटली की हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे सुटते, थेट अस्तराला भिडते आणि वायूचा फडशा पाडते. नायट्रिक ऑक्साइडचे निरुपयोगी नायट्रेट होऊन जाते. डबीबाहेरचे हिमोग्लोबिन हे काम डबीतल्यापेक्षा शेकडो पटींनी वेगाने करते. मोकळे हिमोग्लोबिन पकडून नेणारे हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात असते, पण सिकलसेलमध्ये इतक्या पेशी फुटतात की ते पुरत नाही.

सिकलसेलमध्ये हेच घडते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क ग्लॅडविन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. फुटणाऱ्या पेशीतून आर्जिनेज नावाचे एक विकर बाहेर पडते आणि ते आर्जिनिन संपवते. म्हणजे तयार झालेला वायूही जातो आणि तो बनवायचा कच्चा मालही जातो. चूल विझली आणि सरपणही भिजले, असा प्रकार.

रक्तवाहिन्या मग आकसतात, अस्तर खरखरीत होते, प्लेटलेट चिकटू लागतात. वेदनेचा झटका येतो तसे हे अचानक होत नाही. वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता होत राहते.

कुठे कुठे घाव बसतो

पहिले फुप्फुस. हृदयाकडून फुप्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसल्या की तिथला रक्तदाब वाढतो. हातावर पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबात हा दिसत नाही. उजव्या हृदयावर ताण येतो. माणूस जिना चढताना थांबतो, आणि घरचे म्हणतात, "रक्त कमी आहे ना त्याचं." २००४ साली ग्लॅडविन यांच्या गटाने १९५ प्रौढ रुग्णांची इको तपासणी केली, तेव्हा ३२ टक्क्यांमध्ये हा दाब वाढल्याची खूण दिसली, आणि त्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. मात्र इको हा अंदाज असतो. फ्रान्समध्ये पुढे हृदयात नळी घालून थेट दाब मोजला गेला, तेव्हा खरा उच्च दाब सुमारे ६ टक्क्यांत आढळला. म्हणून इकोमध्ये आकडा वाढलेला दिसला की घाबरून जायचे नाही आणि कागद कपाटातही ठेवायचा नाही. तज्ज्ञाला दाखवायचा.

दुसरा घोटा. तिथली त्वचा पातळ, रक्तपुरवठा आधीच बेताचा. जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. आफ्रिका-जमैकातल्या रुग्णांच्या मानाने आपल्याकडे हे कमी दिसते, म्हणूनच ओळखायला उशीर होतो.

तिसऱ्याविषयी लिहावे की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. लिहायचे ठरले, कारण न लिहिण्याने मुलांचे नुकसान होते. सिकलसेल असलेल्या मुलग्यांना आणि पुरुषांना कधी कधी लैंगिक इच्छेशी काही संबंध नसताना लिंगाला ताठरता येते, ती दुखते आणि उतरत नाही. बहुधा पहाटे झोपेत. डॉक्टर याला प्रायापिझम म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही होऊ शकते. मुलगा लाजेने पांघरुणात पडून राहतो, आईला सांगू शकत नाही, बाप रागावेल म्हणून त्यालाही नाही. चार तासांहून अधिक काळ असे राहिले तर ऊतींना कायमची इजा होते आणि पुढे नपुंसकत्व येऊ शकते. मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यायचे आणि 'सिकलसेल आहे' हे आधी सांगायचे. आमची बापांना, मामांना, मोठ्या भावांना विनंती आहे की एसएस मुलग्याला हे एकदा एकांतात, साध्या शब्दांत सांगून ठेवा. लघवी करणे, पाणी पिणे, थोडे चालणे यांनी लहान झटका उतरतो, पण घड्याळ पाहत राहायचे.

मेंदू आणि मूत्रपिंडाचेही यात नुकसान होते. लहान मुलांना लकवा मारतो तो बऱ्याचदा मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या आतून अरुंद झाल्यामुळे. डोक्यावर बाहेरून यंत्र धरून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. याला ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर म्हणतात. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर धोका मोठा, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास लकव्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले आहे. दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक एसएस मुलाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. किती मुलांची होते, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

शास्त्रज्ञांत याबाबत मतभेद आहेत, तेही सांगितले पाहिजे. काही तज्ज्ञ म्हणतात की सगळे खापर नायट्रिक ऑक्साइडच्या टंचाईवर फोडणे बरोबर नाही. मोकळे हीम, सूज, गोठणारे रक्त यांचाही वाटा आहे, आणि रुग्णांचे 'दुखणारे' व 'फुटणारे' असे दोन कप्पे करता येत नाहीत. ते आम्हाला पटते. त्या ताईंच्या मुलीच्या पेशीही फुटतच असणार, आणि मुलालाही उद्या वेदनेचा झटका येऊ शकतो. कमी-जास्त प्रमाणाचा फरक आहे. पण वेदना नाहीत म्हणून नुकसान होत नाही असे मात्र कोणीच म्हणत नाही.

मग वायूच द्यावा की!

आमच्याही मनात हेच आले. कमी पडतो ना, मग द्या. डॉक्टरांच्याही मनात आले होते. वेदनेच्या झटक्यात दाखल झालेल्या १५० रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला. काहींना ७२ तासांपर्यंत नायट्रिक ऑक्साइड हुंगवला, काहींना नुसताच दुसरा वायू. २०११ मध्ये निकाल आला, फरक शून्य. वेदना थांबायला दोन्हीकडे जवळपास सारखाच वेळ लागला.

दुसरा प्रयोग सिल्डेनाफिलचा. हे औषध नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवते. लोकांना ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक आहे. फुप्फुसातला दाब वाढलेल्या सिकलसेल रुग्णांना ते देऊन पाहिले, आणि प्रयोग मधेच बंद करावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांनाच वेदनेसाठी अधिक वेळा दाखल व्हावे लागत होते. हे आम्ही ठळकपणे सांगतो, कारण ही गोळी औषधाच्या दुकानांत चिठ्ठीवाचून मिळते असे ऐकतो. एसएस तरुणाने ती आपल्या मनाने कधीही घेऊ नये.

आर्जिनिनचा अनुभव थोडा आशेचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात वेदनेसाठी दाखल झालेल्या ३८ मुलांपैकी ज्यांना आर्जिनिन दिले त्यांना वेदनाशामक निम्म्याहूनही कमी लागले. पण अभ्यास लहान होता, आणि औषध दिले होते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यायामशाळेत 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पावडर' म्हणून जे डबे विकतात, त्यांवर आर्जिनिन लिहिलेले असते. सिकलसेलसाठी त्यावर हजार-दोन हजार रुपये घालवू नका. बीट, पालक यांत नायट्रेट असते आणि शरीर त्याचा थोडा नायट्रिक ऑक्साइड करते, हे खरे. खा, चांगले आहे. पण ती भाजी आहे, इलाज नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हॉक्सेलोटॉर नावाची गोळी मंजूर झाली. पेशी फुटणे तिने कमी केले, हिमोग्लोबिन वाढवले. सगळ्यांना आनंद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ती जगभरातून मागे घेतली, कारण घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू जास्त दिसू लागले. रक्ताच्या अहवालातला एक आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन जनुकीय उपचारही मंजूर झाले आहेत. त्यांची किंमत वीस लाख डॉलरांच्या वर आहे. आपल्या वस्तीशी त्यांचा आज काही संबंध नाही.

जुनी, स्वस्त गोळी

संबंध आहे तो हायड्रॉक्सीयुरियाशी. ही गोळी अस्थिमज्जेला गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लावते. बाळ आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन असते, ते सिकलच्या काड्या होऊ देत नाही. काड्या कमी, म्हणून पेशी कमी अडकतात आणि कमी फुटतात. कमी फुटल्या की नायट्रिक ऑक्साइड वाचतो. शिवाय शरीरात या औषधापासून थोडा नायट्रिक ऑक्साइड तयारही होतो. १९९५ मध्ये २९९ प्रौढांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत वेदनेचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले होते.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचे काम नागपुरात झाले. भारतीय सिकलसेल सौम्य असतो, कारण आपल्याकडे गर्भातले हिमोग्लोबिन जास्त टिकते, असे पुस्तकांत लिहिलेले असे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांनी वर्षानुवर्षे मुले तपासली, आणि मध्य भारतातल्या कितीतरी मुलांचा आजार मुळीच सौम्य नसतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यांनीच दाखवले की दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी, ठरावीक मात्रेनेही गंभीर आजारी मुलांना चांगला फायदा होतो. २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम झाले. कमी मात्रा म्हणजे कमी धोका, कमी तपासण्या, कमी खर्च.

आणि तरी ही गोळी घरात पडून राहते. गूगलवर नाव टाकले की 'कर्करोगाचे औषध' असे येते आणि बाप ती फेकून देतो. हो, रक्ताच्या काही कर्करोगांत ती वापरतात. सिकलसेलमध्ये ती कमी मात्रेत, वेगळ्या कामासाठी देतात. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि नंतर काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते. गरोदरपणात ती घेत नाहीत. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायचे. आणि गोळी रोज घ्यायची, दुखले तेव्हा नव्हे. ज्याला दुखतच नाही तो ती रोज का घेईल, हा खरा पेच आहे. त्या मुलालाही दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात ती लिहून दिली होती. पंधरा दिवस घेतली, काही फरक वाटला नाही, सोडली. फरक वाटणार कसा? जे वाचवायचे ते जाणवतच नव्हते.

म्हणून दर भेटीत मागून घ्यायच्या गोष्टी लिहून ठेवा. हिमोग्लोबिनबरोबर रेटिक्युलोसाइट, बिलिरुबिन आणि एलडीएच पाहायला सांगा. पेशी किती फुटत आहेत याचा अंदाज यांतून येतो. वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन. दम लागत असेल तर इको. लहान मुलांचे डॉप्लर. फॉलिक अॅसिड रोज. लोहाची गोळी मात्र चेहरा फिकट दिसतो म्हणून देऊ नका. लोह खरोखर कमी असल्याचे तपासून ठरले तरच. रक्त वारंवार चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते.

बिडी-सिगारेट अस्तराची आणि फुप्फुसाची वैरीण आहे. खऱ्यातला तंबाखूही काही मित्र नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की रक्त दाट होते. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना आपली मुले रात्रभर गाडीच्या दाराशी उभी राहतात, शौचालयाला जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, परतताना थंडीत कुडकुडतात. एसएस माणसाने पाण्याची बाटली, स्वेटर, गोळ्या आणि आपले कार्ड जवळ ठेवावे, आणि बरोबरच्यांनी त्याला बसायला जागा द्यावी.

एक तक्रार मांडून थांबतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे तिने ठरवले. भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो हवाच. पण नागपूर, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या शहरी बौद्ध वस्त्यांत घरोघरी रुग्ण आहेत, त्यांनी वाट पाहत बसू नये. विहार समित्यांनी जिल्हा रुग्णालयाला पत्र देऊन तपासणीची तारीख मागावी. आणि सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांपैकी एक आहे, हे प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना ध्यानात असू द्यावे. 'याला तर दुखतही नाही' असे टेबलापलीकडून ऐकावे लागले तर त्या मुलाचा इको अहवाल पुढे ठेवावा.

त्या ताईंच्या मुलाचा इको झाला. दाब थोडा वाढलेला निघाला, तज्ज्ञांकडे पाठवले आहे. हायड्रॉक्सीयुरिया पुन्हा सुरू झाली, आता ताई रोज रात्री जेवणानंतर दोघांना समोर बसवून गोळी देतात. घोट्याची जखम मार्चअखेर भरत आली होती. कॉलेजच्या प्राचार्यांना आम्ही एक पत्र लिहून दिले, आणि त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून खाली आला.